औषधाला जागा नसलेलं प्रथिन

प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांपासून बनतात, त्यांत ग्लायसिन सर्वांत लहान. बाकीच्यांना बाजूला शाखा असते, कुणाची आखूड, कुणाची लांब, कुणाची कड्यासारखी. ग्लायसिनच्या वाट्याला हायड्रोजनचा एकच अणू येतो. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत जिथे दुसरं काही मावणार नाही अशा अडचणीच्या वळणावर बहुतेक वेळा ग्लायसिन बसलेलं सापडतं. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते याचा नकाशा मांडला. त्यातही ग्लायसिनला इतरांपेक्षा बरंच मोठं मैदान मोकळं दिसतं. प्रथिनाची कुठलीही नवी संरचना आजही त्या नकाशावर तपासून घेतली जाते.

माणसाच्या पेशीत रास नावाचं एक छोटं प्रथिन आहे. त्याची साखळी एकशे नव्वदच्या आसपास अमिनो आम्लांची आणि बाराव्या जागेवर ग्लायसिन. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट वाइनबर्ग, मरियानो बार्बासिद आणि मायकेल विग्लर यांच्या प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी दाखवून दिलं, की मूत्राशयाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशींमध्ये या ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन आलं आहे. जनुकातलं फक्त एक अक्षर बदललं होतं. माणसाच्या कर्करोगामागचा इतका सूक्ष्म बदल असा बोट ठेवून दाखवता आला, तो पहिल्यांदाच.

तिथून पुढची आकडेवारी अस्वस्थ करणारी आहे. रास कुटुंबातल्या तीन जनुकांपैकी एकात तरी बिघाड असलेले कर्करोग एकूण कर्करोगांच्या सुमारे एक पंचमांश भरतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर दहापैकी नऊ रुग्णांत त्यांतलं के-रास बिघडलेलं असतं. शत्रू सापडला, त्याचा पत्ता सापडला, पुढे सहा-आठ वर्षांत त्याचं अणू-अणूचं चित्रही हाती आलं. तरी त्याच्यावर थेट काम करणारं पहिलं औषध मंजूर व्हायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात औषधशास्त्राच्या परिभाषेत रासवर ‘अनड्रगेबल’ असा शिक्का बसला: याला औषध लागू पडणारच नाही. हा शिक्का प्रथिनाच्या कुठल्या गुणधर्मातून आला नव्हता. एका स्थिर चित्रालाच संपूर्ण प्रथिन समजण्याच्या सवयीतून तो आला होता, आणि ती सवय अजून गेलेली नाही.

रासचं काम सांगायला सोपं आहे. पेशीच्या बाहेरून वाढीचा संदेश येतो, पेशीपटलातला ग्राही तो पकडतो आणि आतल्या बाजूला मध्यस्थ प्रथिनांची हालचाल सुरू होते. त्यातलं सॉस नावाचं प्रथिन रासला गाठतं. रासच्या खाचेत त्या वेळी जीडीपी नावाचा रेणू असतो. सॉस तो सैल करतं आणि त्याच्या जागी जीटीपी येऊन बसतो. या दोन रेणूंत फरक फक्त एका फॉस्फेटचा. पण त्या जादा फॉस्फेटमुळे रासच्या अंगावरचे दोन लवचीक पट्टे आत ओढले जातात, प्रथिनाचा दर्शनी भाग बदलतो आणि आता राफ नावाचं पुढचं प्रथिन त्याला चिकटू शकतं. राफकडून मेक, मेककडून अर्क आणि अर्ककडून थेट केंद्रकात, असा निरोप जातो: विभाजन करा. त्या दोन पट्ट्यांना ‘स्विच एक’ आणि ‘स्विच दोन’ म्हणतात. पुढची सगळी गोष्ट स्विच दोनभोवती फिरते.

निरोप थांबवायचा तर रासने ते जादा फॉस्फेट तोडायला हवं. एकट्याने ते काम करायला रासला मिनिटांवर मिनिटं लागतात. गॅप नावाचं दुसरं प्रथिन मदतीला आलं, की हाच वेग सुमारे लाख पटींनी वाढतो. तो कसा वाढतो, हे १९९७ मध्ये आल्फ्रेड व्हिटिंगहोफर यांच्या जर्मनीतल्या गटाने रास आणि गॅप यांचं जोडचित्र काढून दाखवलं. गॅपच्या अंगावरचं एक आर्जिनिन बोटासारखं पुढे येतं आणि थेट रासच्या खाचेत, जीटीपीच्या फॉस्फेटांशी जाऊन टेकतं. तिथे रासचं एकसष्टावं ग्लुटामिन पाण्याच्या एका रेणूला नेमक्या जागी धरून बसलेलं असतं. आर्जिनिनचं बोट आत आलं, की तो पाण्याचा रेणू फॉस्फेटवर आदळतो आणि बंध तुटतो. हे बोट ज्या जागेतून आत शिरतं, तिच्या अगदी कडेला रासचं बारावं ग्लायसिन असतं. तिथे ग्लायसिन सोडून दुसरं जवळपास काहीही आलं, अगदी एका कार्बनची शाखा जरी वाढली, तरी बोटाला धक्का बसतो. कर्करोगात नेमकी हीच जागा वारंवार का बिघडते, या पंधरा वर्षं जुन्या प्रश्नाचं उत्तर एका चित्राने दिलं. संरचना-जीवशास्त्राची ताकद पाहायची असेल तर याहून चांगलं उदाहरण शोधावं लागत नाही.

म्हणूनच इथली तक्रार चित्रांविरुद्ध नाही. चित्रांच्या वाचनाविरुद्ध आहे.

रासची पहिली संरचना १९८८ मध्ये बर्कलीच्या सुंग-हो किम यांच्या गटाने प्रसिद्ध केली. तिच्यात साखळीचा मार्ग काही ठिकाणी चुकला होता. पुढच्याच वर्षी व्हिटिंगहोफर आणि सहकाऱ्यांची संरचना आली आणि किम यांच्या गटानेही दुरुस्ती केली. १९९० पर्यंत जीडीपी धरलेलं रास आणि जीटीपीसारखा रेणू धरलेलं रास, अशी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवून पाहता येऊ लागली. औषध शोधणारे रसायनशास्त्रज्ञ अशा चित्रात पहिल्यांदा खड्डा शोधतात. औषधाचा लहानसा रेणू कुठेतरी खोल रुतून बसायला हवा, सपाट पृष्ठभागावर तो टिकत नाही. रासच्या अंगावर नाव घेण्याजोगा खड्डा एकच होता, जीटीपीचा. आणि तिथे जीटीपी इतक्या घट्ट बसलेला असतो, शिवाय पेशीत तो इतका मुबलक असतो, की त्याला हुसकावून लावणारा रेणू बनवणं व्यवहारात अशक्य. कायनेज जातीच्या प्रथिनांत हीच युक्ती चालली होती, कारण ती आपल्या खड्ड्यातल्या एटीपी या रेणूला इतकं आवळून धरत नाहीत. रक्ताच्या एका कर्करोगावर २००१ मध्ये मंजूर झालेलं इमॅटिनिब त्याच वाटेने आलं. रासच्या बाबतीत ती वाट बंद होती.

मग आडवाटा शोधल्या गेल्या. रास पेशीपटलाला चिकटून राहतं ते शेपटाला जोडलेल्या फार्नेसिल नावाच्या मेदसाखळीमुळे. ती जोडणारं एन्झाइमच अडवावं, म्हणून १९९० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी भरपूर पैसा ओतला. रास कुटुंबातल्या एच-रासवर ते चाललं, पण के-रासने दुसरीच मेदसाखळी लावून घेतली आणि काम चालू ठेवलं. (त्याच प्रयत्नातलं लोनाफार्निब पुढे २०२० मध्ये प्रोजेरिया या अकाली वार्धक्याच्या दुर्मीळ आजारावर मंजूर झालं. वाया गेलेलं संशोधन कधी कुठे उपयोगी पडेल याचा नेम नसतो.) या अपयशानंतर शिक्का पक्का झाला.

आता जरा मागे वळून त्या चित्रांकडे पाहू. स्फटिकातून क्ष-किरण सोडून संरचना काढतात तेव्हा एकाच ठेवणीत गोठलेले कोट्यवधी रेणू लागतात. लहान मुलं खेळताना ‘स्टॅच्यू’ म्हणून धावत्या गड्याला जागच्या जागी थिजवतात, तसं स्फटिक प्रथिनाला थिजवतो. धावताना त्याचे हात कुठवर जातात, हे त्या पुतळ्यावरून कळत नाही. प्रथिनाचा जो भाग स्फटिकातही थिजायला तयार नसतो, तो चित्रात पुसट येतो किंवा येतच नाही. रासच्या १९९० च्या, त्या काळच्या मानाने अतिशय सुस्पष्ट चित्रातही स्विच दोनचा भाग असाच हलता होता आणि एकसष्टावं ग्लुटामिन एकाहून अधिक ठेवणींत दिसत होतं. १९९६ मध्ये हान्स रॉबर्ट काल्बिट्झर आणि सहकाऱ्यांनी फॉस्फरसच्या अणूंचे संकेत वाचणाऱ्या एनएमआर तंत्राने दाखवलं, की जीटीपीसारखा रेणू धरलेलं रास द्रावणात एका नव्हे, दोन अवस्थांत असतं आणि त्यांच्यात सतत ये-जा करतं. म्हणजे पुरावा समोर होता. सापाच्या शेपटीसारखी वळवळणारी जागा चित्रातच होती. पण खड्डे मोजताना हिशोब धरला गेला तो स्पष्ट भागांचा. पुसट भाग म्हणजे अपुरं चित्र, असं समजून नजर पुढे सरकली. औषधाची जागा नेमकी तिथे होती.

ती सापडली २०१३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात केवन शोकाट यांच्या प्रयोगशाळेत. त्यांनी खड्डा दिसण्याची वाट पाहिली नाही. के-रासच्या बिघाडांपैकी एका प्रकारात बाराव्या जागी सिस्टीन येतं. सिस्टीनला गंधक असतं, आणि गंधकाला रासायनिक बंधाने पकडता येतं. निरोगी रासच्या त्या जागी सिस्टीन नसतंच, म्हणजे निरोगी पेशीतल्या रासला धक्का न लावता फक्त बिघडलेल्यालाच गाठायची सोय. शोकाट यांच्या गटाने जीडीपी धरलेल्या के-रासवर ४८० लहान रेणू सोडले आणि कोणते रेणू सिस्टीनला जास्त पक्के चिकटून राहतात ते वजनावरून ओळखलं. जे चिकटले त्यांच्यासह स्फटिक बनवला, तेव्हा आधीच्या कुठल्याही संरचनेत न दिसलेली पोकळी स्विच दोनच्या खाली उघडलेली आढळली. रेणू आत शिरला होता आणि पट्टा बाजूला सरकला होता. रेणू नसेल तेव्हा ती पोकळी मिटलेली असते. रिकाम्या प्रथिनाच्या चित्रात ती शोधणाऱ्याला ती कधीच सापडली नसती.

इथे एक आक्षेप रास्त आहे. हे यश हालचाल समजून घेण्याचं नसून सिस्टीनच्या रसायनाचं आहे, असं म्हणता येईल; ते सिस्टीन मिळालं नसतं तर पोकळी कुणाला माहीत होऊनही उपयोग नव्हता. यात तथ्य आहे. पण सिस्टीनचा बिघाड २०१३ मध्ये काही नव्याने सापडलेला नव्हता, आणि गंधकाला बंधाने पकडणारं रसायनही जुनंच होतं. जोडी जुळायला हवी होती ती एका प्रश्नाशी: चित्रात जागा नाही, पण मागितली तर हे प्रथिन जागा करून देईल का?

दुसरी एक समजूतही तेवढीच आड येत होती. बिघडलेलं रास कायमचं चालू अवस्थेत अडकलेलं असतं, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली. तसं असेल तर जीडीपीच्या, म्हणजे बंद अवस्थेतल्या रासला चिकटणाऱ्या रेणूला आपलं लक्ष्य भेटणारच कधी? २०१६ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवलं, की सिस्टीन असलेलं के-रास असं अडकून पडत नाही. गॅपची मदत त्याला मिळत नाही हे खरं, पण स्वतःच्या धिम्या वेगाने ते फॉस्फेट तोडतं, बंद होतं आणि पुन्हा चालू होतं. त्या फेऱ्यातल्या बंद क्षणी औषध त्याला गाठतं आणि मग सोडत नाही. ‘कायमचं चालू’ हेही एक स्थिर चित्रच होतं, फक्त कागदाऐवजी डोक्यातलं.

पुढे अॅमजेन कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना त्याच परिसरात आणखी एक फट मिळाली. पंचाण्णव क्रमांकाचं हिस्टिडिन मान वळवल्यासारखं फिरलं, की शेजारी एक चर उघडतो. त्यात रेणूचा एक हात नीट बसवता आला आणि औषधाची ताकद कितीतरी वाढली. त्यातून आलेल्या सोटोरासिबला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २८ मे २०२१ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगासाठी त्वरित मंजुरी दिली. ज्या चाचणीवर ती दिली गेली, तिच्यातल्या १२४ रुग्णांपैकी सुमारे ३७ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये अडाग्रासिब आलं.

ही बातमी मोठी होती, पण आजार हटला असं सांगण्याजोगी नव्हती. नेहमीच्या डोसिटॅक्सेल या केमोथेरपीशी तुलना करणाऱ्या चाचणीत सोटोरासिबने आजार रोखून धरला तो मध्यम हिशोबाने ५.६ महिने, डोसिटॅक्सेलने ४.५ महिने. रुग्ण एकूण किती जगले यात फरक दिसला नाही. २०२३ च्या अखेरीस प्रशासनाने पूर्ण मंजुरी नाकारली. औषध निष्प्रभ होतं याची कारणंही शिकवणारी आहेत. काही रुग्णांत पोकळीच्या भिंतीतलं शहाण्णव क्रमांकाचं टायरोसिन बदलतं आणि रेणू बसेनासा होतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तर वेगळंच घडतं: के-रास दाबलं, की खालून येणारी लगाम घालणारी खूण नाहीशी होते, वरचा ग्राही जास्त जोराने संदेश पाठवू लागतो आणि वाट पुन्हा वाहती होते. म्हणून तिथे ग्राहीला अडवणारं प्रतिपिंड सोबत द्यावं लागतं; सोटोरासिब आणि पॅनिट्युमुमॅबच्या अशा जोडीला जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. एकट्या प्रथिनाच्या कितीही बारीक चित्रात हा वरचा ग्राही दिसत नाही.

एकटं पाहण्याची किंमत किती जबर असू शकते, हे त्याच वाटेवरच्या राफ प्रथिनांपैकी बी-राफने आधीच दाखवलं होतं. २००२ मध्ये ब्रिटनच्या सँगर संस्थेच्या गटाने मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात बी-राफ मोठ्या प्रमाणावर बिघडलेलं असल्याचं सांगितलं. त्याच्या सहाशेव्या जागी व्हॅलिन जाऊन ग्लुटामेट येतं. इथे खड्डा होता, चित्र होतं, औषध लवकर बनलं: व्हेमुराफेनिब, ऑगस्ट २०११. गाठी झपाट्याने विरघळल्या. पण उपचार घेणाऱ्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांच्या त्वचेवर दुसऱ्याच प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी उगवल्या. याचं कारण २०१० मध्येच तीन गटांनी प्रयोगशाळेत दाखवलं होतं. निरोगी राफ जोडीने काम करतं. जोडीतल्या एकाच्या खड्ड्यात औषध बसलं, की त्याची ठेवण बदलते आणि त्या बदलाने जोडीदार चेतवला जातो. ज्या पेशीत बी-राफ निरोगी पण रास बिघडलेलं, तिथे औषधच वाढीचा संदेश पाठवू लागतं. उपचारादरम्यान उगवलेल्या अशा गाठींपैकी बऱ्याच गाठींत रासचे बिघाड सापडले. खड्ड्याचं चित्र अचूक होतं. खड्डा भरल्यावर शेजारी काय होईल, हे त्या चित्रात नव्हतं. मेकवरचं दुसरं औषध सोबत देऊ लागल्यावर हे दुष्परिणाम बरेच कमी झाले. आणि राफ विश्रांतीत असताना १४-३-३ नावाच्या प्रथिनाच्या जोडीत आणि मेकसोबत कसं जखडलेलं असतं, हे शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने २०१९ मध्ये, म्हणजे औषध बाजारात आल्यावर आठ वर्षांनी दाखवलं.

हे सगळं आज पुन्हा मांडायची गरज आहे ती अल्फाफोल्डमुळे. २०२० मध्ये डीपमाइंड कंपनीच्या या प्रणालीने अमिनो आम्लांच्या क्रमावरून संरचनेचा अंदाज बांधण्याचा पन्नास वर्षं जुना प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाज सर्वांना खुले झाले आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांचा वाटा ठरला. हे काम खरोखर मोठं आहे. छोट्या गावातल्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही आज हव्या त्या प्रथिनाचं चित्र फुकट मिळतं. एके काळी त्यासाठी एखाद्याची पीएचडी खर्ची पडायची. पण हे चित्र बहुधा एकाच ठेवणीचं असतं, आणि त्या मोठ्या संग्रहातल्या रासमध्ये ना जीटीपी असतो, ना मेदसाखळी, ना पेशीपटल. २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीला सोबतचे रेणूही बसवता येतात, तरी प्रश्न उरतोच. ही प्रणाली शिकली ती १९७१ मध्ये अवघ्या सात संरचनांनी सुरू झालेल्या प्रथिनसंग्रहावर, म्हणजे मुख्यतः थिजलेल्या पुतळ्यांवर. मिटलेली पोकळी तिला कुणी शिकवलेलीच नाही.

संरचनेचा प्रश्न संपला, आता प्रयोगांवर कशाला खर्च, असा सूर अधूनमधून ऐकू येतो. तो धोकादायक आहे. एनएमआर, सामान्य तापमानाला घेतलेले स्फटिक, संगणकावर रेणू हलते ठेवून केलेली दीर्घ गणितं, प्रथिनांचे आख्खे समूह पाहणारे सूक्ष्मदर्शक: ही खर्चिक, संथ आणि मथळे न मिळवणारी कामं आहेत. पण मिटलेल्या जागा उघडतात त्या याच कामांतून. अंदाजाच्या चित्रात जो पट्टा कमी खात्रीचा म्हणून वेगळ्या रंगात येतो, त्याच्याकडे सर्वांत आधी पाहण्याची सवय औषधशास्त्राने लावून घ्यायला हवी.

रासच्या बाबतीत शोध आता त्याही पलीकडे गेला आहे. मातीतल्या जिवाणूंकडून मिळालेल्या सँग्लिफेरिन या रेणूच्या धर्तीवर रेव्होल्यूशन मेडिसिन्स कंपनीने असे रेणू बनवले, जे आधी सायक्लोफिलिन ए या पेशीत सर्वत्र आढळणाऱ्या, रासशी एरवी काही देणंघेणं नसलेल्या प्रथिनाला चिकटतात. त्या दोघांच्या जोडीतून एक नवा पृष्ठभाग तयार होतो आणि तो चालू अवस्थेतल्या रासवर बसून राफची वाट अडवतो. औषधाची जागा इथे रासमध्येही नाही आणि सायक्लोफिलिनमध्येही नाही. ती तिघं एकत्र आल्यावरच निर्माण होते. या गटातल्या डाराक्सनरासिबला सिस्टीनची गरज लागत नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगात बाराव्या जागी सर्वाधिक वेळा ॲस्पार्टेट येतं, सिस्टीन फार थोड्यांत. सोटोरासिबच्या आवाक्याबाहेर राहिलेल्या त्या रुग्णांसाठी या औषधाची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली.